आईचा ल्युपस पंचवीस वर्षांनी शांत आहे; आता गोळ्या बंद करता येतील का?

तासगावची_लेक
१८ जानेवारी

नमस्कार. माझी आई ६८ वर्षांची असून तासगावजवळच्या आमच्या गावी राहते. तिला १९९९ साली ल्युपसचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते त्या आजाराचे, निदान झाले. मी तेव्हा शाळेत होते. गालांवर पसरलेला लाल चट्टा, सुजलेली बोटे आणि भाकरी थापायला बसल्यावर तिच्या डोळ्यांत येणारे पाणी, एवढेच मला त्या काळातले आठवते. मिरजेला उपचार सुरू झाले आणि दोन-तीन वर्षांत ती सावरली. तेव्हापासून हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या २०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, सकाळी एक आणि रात्री एक, तिने कधी चुकवलेल्या नाहीत. जोडीला प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड गेली बारा-तेरा वर्षे रोज ५ मिलिग्रॅम चालू आहे. रक्तदाबाची गोळी वेगळी.

गेल्या दहा वर्षांत आजाराने एकदाही उचल खाल्लेली नाही. पाळी गेल्यापासून सांधेही शांत आहेत, असे ती स्वतःच सांगते. यंदा संक्रांतीला मी माहेरी गेले, तेव्हा तिने गोळ्यांचा डबा माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, "दहा वर्षं काही झालं नाही, मग हे आता कशासाठी गिळायचं?" मला उत्तर देता आले नाही. त्यातच या गोळ्यांनी म्हातारपणी डोळे जातात, असे शेजारच्या एका काकूंनी तिच्या मनात भरवले आहे, आणि मी वाचले त्यावरून ते अगदीच खोटे आहे असेही दिसत नाही.

ज्या डॉक्टरांनी तिला सुरुवातीपासून पाहिले, ते आता निवृत्त झाले आहेत. गेली तीन वर्षे जुन्याच चिठ्ठीची झेरॉक्स दाखवून औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या जात आहेत. यात दोष आमचाच आहे, हे मी आधीच कबूल करते. तिचे वजन पूर्वी ५६ किलो होते, ते आता ४८ आहे. मागच्या महिन्यात केलेल्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ११.२ आणि किडनीचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.२ आले. लघवीची तपासणी केलेली नाही. चार वर्षांपूर्वी एका डोळ्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, पण तेव्हा या गोळ्यांविषयी कोणी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही.

वय झाल्यावर ल्युपस खरोखरच विझतो का, की तो केवळ औषधाच्या धाकाने गप्प बसलेला असतो? आणि बंद करायचेच झाले, तर कोणते औषध आधी थांबवावे? नवीन डॉक्टरांची वेळ घेण्याचा प्रयत्न चालू आहे, परंतु त्यांच्यापुढे बसण्याआधी काय विचारायचे हे मला कळले पाहिजे. कृपया स्वतःचा अनुभव कोणता आणि शास्त्रातली माहिती कोणती, हे वेगवेगळे ओळखता येईल असे लिहावे.


चष्म्याचा_नंबर
१८ जानेवारी

ताई, मी डॉक्टर नाही. मिरजेत डोळ्यांच्या तपासणीच्या यंत्रांवर माझी सत्तावीस वर्षे गेली आणि आता मी निवृत्त आहे. त्यामुळे ल्युपसविषयी मी बोलणार नाही, फक्त डोळ्यांविषयी आणि गोळीच्या हिशेबाविषयी लिहितो.

आधी हिशेब. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ पासून जी मर्यादा सांगितली आहे आणि आपल्याकडचे डॉक्टरही जी पाळतात, ती प्रत्यक्ष वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅम अशी आहे. आपल्या आईंचे वजन ४८ किलो म्हणजे मर्यादा २४० मिलिग्रॅम, आणि त्या घेत आहेत ४००. वजन ५६ असतानाही मर्यादा २८०च होती. यात जुन्या डॉक्टरांना बोल लावण्याचे कारण नाही. त्या काळचा नियम उंचीप्रमाणे अपेक्षित असलेल्या वजनाच्या किलोमागे ६.५ मिलिग्रॅम असा होता, आणि सकाळ-संध्याकाळ एक-एक गोळी ही सगळीकडचीच पद्धत होती. मात्र चिठ्ठीची झेरॉक्स झाली की तिच्यातला डोसही तसाच गोठून राहतो, आणि माणूस मात्र वाळत जातो.

आता डोळे जाण्याविषयी. या औषधाने डोळ्याच्या पडद्याला इजा होते हे खरे आहे, आणि झालेली इजा भरून येत नाही. औषध थांबवल्यावरही ती काही काळ वाढू शकते, कारण ते शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. कॅलिफोर्नियात २,३६१ रुग्णांची पाहणी झाली, ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ५ मिलिग्रॅमच्या मर्यादेत राहणाऱ्यांना पहिल्या दहा वर्षांत २ टक्क्यांहून कमी धोका आढळला, परंतु वीस वर्षांनंतर तो जवळजवळ २० टक्क्यांपर्यंत गेला. हा आकडा ऐकून घाबरून जाऊ नये. त्याच पाहणीत असेही दिसले की वीस वर्षे होऊनही ज्याचा पडदा स्वच्छ आहे, त्याला पुढच्या एका वर्षात इजा होण्याची शक्यता सुमारे ४ टक्के असते. म्हणजे आज तपासणी निर्दोष आली, तर निर्णय घेण्यासाठी हातात वेळ असतो. आपल्या आईंचा डोस मर्यादेपेक्षा जास्त राहिला आहे, तेव्हा त्यांचा धोका यापेक्षा अधिक धरावा लागेल. या औषधावर पाच वर्षे झाली की दरवर्षी तपासणी व्हावी असा संकेत आहे, आणि किडनी कमजोर असेल तर पाच वर्षेसुद्धा थांबायचे नसते.

तपासणी करताना "पडदा बघा" एवढेच सांगू नका. टॉर्चने किंवा साध्या फोटोत दिसू लागते तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो. ओसीटी आणि फील्ड अशा दोन्ही तपासण्या सांगाव्यात. ओसीटीमध्ये पडद्याचे थर उभ्या छेदात दिसतात. फील्डच्या यंत्रात हनुवटी टेकवून, एक डोळा झाकून, मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची आणि आजूबाजूला बारीक उजेड चमकला की हातातले बटण दाबायचे. वयस्क माणसे इथे फार चुकतात, कारण त्यांची नजर उजेडाच्या मागे धावते, किंवा आपण नापास होऊ या भीतीने ती उगाचच बटण दाबत राहतात. पहिल्या वेळचा अहवाल वाईट आला तर आम्ही चहा पाजून पुन्हा बसवत असू. आणखी एक गोष्ट अशी की आशियाई लोकांमध्ये ही इजा पुष्कळदा अगदी मध्यभागी न होता थोडी बाहेरच्या कड्यात सुरू होते. त्यामुळे मधल्या १० अंशांचे फील्ड निर्दोष आले तरी २४ किंवा ३० अंशांचे करून घ्यावे. दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू असेल तर तेही सांगावे, नाहीतर फील्डमधला दोष मोतीबिंदूच्या नावावर खपून जातो.

गोळी २०० मिलिग्रॅमचीच असल्याने २४० रोज कसे द्यायचे, असा प्रश्न पडेल. आमच्याकडे येणाऱ्या कित्येकांच्या चिठ्ठीवर "रोज एक, रविवारी दोन" असे लिहिलेले असे. आठवड्याला १,६०० होतात, मर्यादा १,६८०ची. अर्थात हे डॉक्टरांनी ठरवायचे.


कृष्णाकाठ
१९ जानेवारी

आपल्या आईंच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या घरात महागात मिळाले, म्हणून लिहितो. हा केवळ अनुभव आहे, याला शास्त्र समजू नये.

माझी थोरली बहीण सांगलीत नदीकडच्या भागात राहते. ऑगस्ट २०१९च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा तिला नातवंडांसह माळ्यावरून बोटीने बाहेर काढले. औषधांची पिशवी घरातच राहिली. तिचे वय तेव्हा ६३ होते आणि ल्युपसला एकोणीस वर्षे झाली होती. स्टिरॉइड आधीच बंद झालेले होते, चालू होती ती फक्त हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. आठ-दहा दिवस आमच्याकडे राहून ती परत गेली, चिखल उपसण्यात महिना गेला, आणि गोळ्यांवाचून काहीच बिघडत नाही असे तिच्या लक्षात आले. तिने ते कोणाला सांगितले नाही. गणपती गेले, दिवाळी गेली. उलट पोटातली जळजळ थांबली म्हणून ती खूश होती.

संक्रांतीच्या सुमारास तिच्या चपला घट्ट होऊ लागल्या. चपलांचे पट्टे पुरात भिजून आकसले असतील, असे आम्ही म्हणालो, आणि त्यावर हसलोही. मग सकाळी डोळ्यांखाली सूज दिसू लागली आणि लघवीला साबणासारखा फेस येऊ लागला. तपासले तेव्हा लघवीतून दिवसाला तीन ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिने जात होती. पुढे बायोप्सी, स्टिरॉइडचे मोठे डोस आणि प्रतिकारशक्ती दाबणारे मायकोफेनोलेट असे सगळे झाले. जी बाई एका गोळीला कंटाळली होती, तिला दिवसाला अकरा गोळ्या घ्याव्या लागल्या.

योगायोग असा की तिची बंद पडलेली गोळी फेब्रुवारी २०२०मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि मार्चमध्ये कोरोनावर प्रतिबंधक म्हणून तेच औषध सुचवले गेल्यामुळे ते दुकानांतून नाहीसे झाले. मी सांगली, मिरज, जयसिंगपूर अशी दुकाने पालथी घातली. एका दुकानदाराने "तुम्हालाही साठा करायचा आहे का?" असे विचारले, ते अजून विसरलेलो नाही.

गोळ्या बंद केल्यामुळेच किडनीने उचल खाल्ली की ती तशीही खाल्लीच असती, हे डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगता आले नाही. परंतु आमची खरी चूक बंद करण्यापेक्षा न सांगण्यात होती. पाच महिन्यांत एकदा जरी लघवी तपासली असती, तरी चपलांवर हसण्याची वेळ आली नसती.


संधिवात_ओपीडी
२१ जानेवारी

मी संधिवाततज्ज्ञ आहे. रुग्णाला न पाहता सल्ला देणे योग्य नाही, म्हणून खालील मजकूर आपल्या डॉक्टरांशी बोलण्याची तयारी एवढ्याच अर्थाने घ्यावा.

आपण विचारलेला पहिला प्रश्न नेमका आहे. ल्युपस हा मुख्यतः बाळंतपणाच्या वयातील स्त्रियांचा आजार असून पाळी गेल्यावर आणि वय वाढत जाईल तशी पुष्कळ रुग्णांमध्ये त्याची धग कमी होते, हे खरे आहे. परंतु शांत बसलेल्या रुग्णाकडे पाहून ही शांतता वयाची आहे की औषधाची, हे सांगणारी कोणतीही तपासणी नाही. ते केवळ औषध काढून घेतल्यावरच कळते, आणि म्हणून काढून घेण्याआधी, कळले तर ते किती महागात पडेल याचा अंदाज घ्यावा लागतो.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनबाबत सर्वांत जास्त उद्धृत केला जाणारा प्रयोग कॅनडात झाला आणि १९९१ साली प्रसिद्ध झाला. आजार स्थिर असलेल्या ४७ रुग्णांमध्ये चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवड करून २५ जणांची गोळी चालू ठेवली आणि २२ जणांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी दिली. सहा महिन्यांत चालू ठेवलेल्यांपैकी ९ जणांच्या आणि बंद केलेल्यांपैकी १६ जणांच्या आजाराने उचल खाल्ली. बंद करू नका असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो, त्याचा पाया बऱ्याच अंशी हा आहे. पण तो प्रयोग खास वयस्क रुग्णांवर झालेला नव्हता. न्यूयॉर्कमधील डॉक्टरांनी २०२० साली पंचावन्नच्या पुढच्या आणि अनेक वर्षे हे औषध घेतलेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा औषध थांबवलेल्या २६ पैकी ५ आणि चालू ठेवलेल्या ३२ पैकी ५ जणांना वर्षभरात त्रास झाला, म्हणजे फारसा फरक दिसला नाही. जो त्रास झाला तो बहुतेक त्वचेचा आणि सांध्यांचा होता. हे निष्कर्ष दिलासा देणारे असले तरी २६ रुग्ण ही संख्या लहान आहे, आणि कोणाचे औषध थांबवायचे हे तेथे डॉक्टरांनी निवडलेले होते, चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते. याउलट अनेक देशांतील रुग्णांच्या एका मोठ्या गटाचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात डोस कमी करणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचे प्रमाण थोडे वाढलेले, तर पूर्ण बंद करणाऱ्यांमध्ये त्याहून वाढलेले आढळले. त्यामुळे मी स्वतः, डोळ्याच्या पडद्याला इजा झालेली नसेल, तर डोस वजनाच्या मर्यादेत आणतो आणि औषध चालू ठेवतो. पडद्याला इजा निश्चित झाली, तर नेत्रतज्ज्ञांशी बोलून बंद करतो. संशयास्पद अहवालावर घाईने कायमचे बंद करणेही मला पटत नाही, आणि तपासणी पुन्हा करून घेतलेली बरी.

वर श्री. चष्म्याचा_नंबर यांनी मांडलेला हिशेब बरोबर आहे, मात्र त्यात एक भर घालतो. क्रिएटिनिन १.२ हा आकडा अहवालावर जवळजवळ नॉर्मल दिसतो. परंतु ६८ वर्षांच्या स्त्रीच्या बाबतीत त्यावरून काढलेली किडनीची गाळण्याची क्षमता सुमारे ४९ येते, आणि ६०च्या खाली हे औषध शरीरात साचू लागते. म्हणून आपल्या आईंच्या बाबतीत रविवारची दुसरी गोळीदेखील मी कदाचित देणार नाही.

आपला प्रश्न मुख्यतः या गोळीविषयी आहे, पण ती फाईल माझ्यापुढे आली असती तर माझी नजर आधी प्रेडनिसोलोनवर गेली असती. रोज ५ मिलिग्रॅम हा डोस लहान वाटतो, परंतु तेरा वर्षांत त्याने हाडे, साखर, रक्तदाब, मोतीबिंदू आणि जंतुसंसर्गाची भीती या साऱ्यांत आपला वाटा उचललेला असतो, आणि वयाबरोबर या गोष्टीच रुग्णाला ल्युपसपेक्षा जास्त छळतात. युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या २०२३च्या शिफारशींतही स्टिरॉइड ५ मिलिग्रॅम किंवा त्याखाली आणावे व शक्य असल्यास बंद करावे, आणि आजार दीर्घकाळ शांत असेल तर औषधे कमी करताना सुरुवात स्टिरॉइडपासून करावी, असेच सांगितले आहे. हेही बिनधोक नाही. फ्रान्समध्ये वर्षभर शांत असलेल्या आणि ५ मिलिग्रॅमवर असलेल्या १२४ रुग्णांवर प्रयोग झाला. तो २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात स्टिरॉइड चालू ठेवलेल्यांपैकी ७ टक्के आणि एकदम थांबवलेल्यांपैकी २७ टक्के जणांच्या आजाराने वर्षभरात उचल खाल्ली. हा आकडा दुसऱ्या बाजूनेही वाचता येतो, म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांना स्टिरॉइडवाचून काही झाले नाही. मात्र इतकी वर्षे बाहेरून स्टिरॉइड मिळाल्यावर शरीराची स्वतःचे स्टिरॉइड बनवणारी ग्रंथी आळसावलेली असते. घरच्या घरी एकदम थांबवल्यास रक्तदाब कोसळणे, उलट्या आणि तीव्र अशक्तपणा असा जिवावर बेतणारा प्रसंग येऊ शकतो. त्यामुळे आईंना आजच एक गोष्ट स्पष्टपणे सांगावी: भेट होईपर्यंत प्रेडनिसोलोनची लहान गोळी चुकवायची नाही.

दोन्ही औषधांना एकाच वेळी हात लावू नये. नंतर काही बिघडले तर कशामुळे बिघडले, हे कळत नाही.

आता मला आपल्याकडून एक गोष्ट हवी आहे, आणि तिच्यावर बरेच अवलंबून आहे. या पंचवीस वर्षांत किडनीला, मेंदूला किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा कधी त्रास झाला होता का? गुठळ्यांचा धोका वाढवणारी अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे कधी तपासली होती का? फक्त त्वचा आणि सांधे यांचा इतिहास असलेल्या रुग्णाच्या आजाराने उचल खाल्ली तर तो बहुधा तिथेच उचल खातो आणि आवरता येतो. किडनीचा इतिहास असेल तर तो कृष्णाकाठ यांच्या बहिणीसारखा, न दुखता, परत येऊ शकतो. आपल्याला आठवत नसेल, तर जुनी फाईल शोधावी. लघवीची साधी तपासणी आणि लघवीतील प्रथिने-क्रिएटिनिनचे प्रमाण, रक्तातील सी३, सी४ आणि डीएस-डीएनए (ल्युपस कितपत जागा आहे याचा अंदाज देणाऱ्या तपासण्या) हे भेटीआधीच करून घेतल्यास एक फेरी वाचेल.


चारभिंती_सकाळ
२२ जानेवारी

डॉक्टरांनी स्टिरॉइडविषयी लिहिले, म्हणून साताऱ्याहून माझा अनुभव कळवते. मी ७१ वर्षांची निवृत्त शिक्षिका असून मला १९८९पासून ल्युपस आहे. माझ्या किडनीला कधी त्रास झाला नाही, हे आधीच सांगते, म्हणजे कोणी माझ्यावरून स्वतःचा ठोकताळा बांधू नये.

माझे ५ मिलिग्रॅम बंद व्हायला चौदा महिने लागले. दर सहा आठवड्यांनी एक मिलिग्रॅम कमी करायचे ठरले होते. त्यासाठी एक मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळत नसल्याने पुण्याहून मागवाव्या लागल्या. तीनपर्यंत काही जाणवले नाही. दोनवर आल्यावर मात्र सकाळी अंथरुणातून उठताना तोल जाऊ लागला, तोंडाची चव गेली, आणि खांदे असे दुखू लागले की आजारच परतला अशी माझी खात्री झाली. मी रडवेली होऊन पाच मिलिग्रॅम परत सुरू करण्याची परवानगी मागितली. डॉक्टरांनी आधी सकाळी आठ वाजता रक्तातील कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड, तपासले, ते कमी निघाले. सी३, सी४ आणि लघवी मात्र ठीक होती. म्हणजे तो ल्युपस नव्हता, ग्रंथी अजून जागी झालेली नव्हती. मग चार महिने दोनवरच थांबलो आणि पुढे अर्ध्या-अर्ध्या मिलिग्रॅमने उतरलो. त्या काळात मी पर्समध्ये एक कागद ठेवत असे, "मी दीर्घकाळ स्टिरॉइड घेतलेले आहे, ताप, अपघात किंवा ऑपरेशन असल्यास डॉक्टरांना सांगावे." तो अजूनही आहे.

आज तीन वर्षे झाली. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन एक दिवसाआड चालू आहे आणि ओसीटी दर जानेवारीत होते. इथल्या टेकडीवरच्या चार भिंती या ठिकाणापर्यंत फिरायला जाते ती उन्हे चढण्याच्या आत, आणि छत्री घेऊन. औषध कमी झाले म्हणून उन्हाचे पथ्य सैल करायचे नसते, उलट ते जास्त पाळावे लागते, असे मला बजावले होते. आपल्याकडे बेदाण्याचा हंगाम आता सुरू होईल. आई शेडवर बसत असतील, तर औषध बदलण्यासाठी मार्च-एप्रिलचा मुहूर्त धरू नये, असे मला वाटते.

आणि एक विचारते, राग मानू नये. आईंना गोळ्यांचा कंटाळा आला आहे की गोळ्यांची भीती वाटते आहे? मला कंटाळा आला होता. भीती असेल तर तपासणी करून ती जाते, पण कंटाळ्याला गोळ्यांची संख्याच कमी व्हावी लागते.


तासगावची_लेक
९ मार्च

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण सांगण्यासारखे काही हाती येईपर्यंत थांबले होते.

डॉक्टरांनी विचारल्यावर मी आईला विचारले, तेव्हा ती ठामपणे म्हणाली की किडनीचे काही नव्हते. तरीही माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उतरवली. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेखाली २००१ सालचे डिस्चार्ज कार्ड सापडले. त्यावर लघवीत प्रथिने असल्याची नोंद होती आणि अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध लिहिलेले होते. आईला ते "रक्ताच्या गोळ्या" म्हणून आठवत होते. तीन वर्षे घेऊन त्या बंद झाल्या होत्या. घरात कोणीही तिला तेव्हा किडनी हा शब्द सांगितलेला नव्हता. बहुधा बाबांनीच डॉक्टरांना तसे सांगितले असावे, आणि आता ते विचारायला बाबा नाहीत.

ते कार्ड घेऊन आम्ही नवीन डॉक्टरांकडे गेलो. लघवीतील प्रथिने सध्या नगण्य आहेत, सी३ आणि सी४ ठीक आहेत, डीएस-डीएनए किंचित वाढलेले आहे. अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे नाहीत. डोळ्यांचे फील्ड पहिल्यांदा वाईट आले. मी "चहा पाजून पुन्हा बसवा" असे म्हटल्यावर तेथील मुलगी हसली, पण तिने खरोखरच पुन्हा बसवले, आणि दुसऱ्या वेळी ते पुष्कळ सुधारले. ओसीटीमध्ये उजव्या डोळ्यात बाहेरच्या कड्याला एक जागा पातळ वाटते, पण इजा म्हणता येईल इतकी नाही. सहा महिन्यांनी पुन्हा करायचे आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन पूर्ण बंद करण्यास डॉक्टरांनी नकार दिला, त्याचे कारण ते २००१चे कार्ड, आणि रोज एकच गोळी ठेवली. रविवारची दुसरी दिली नाही. सहा महिन्यांनंतरचे ओसीटी बिघडलेले निघाले तर बंद करायची, आणि मग वर्षभर दर तीन महिन्यांनी लघवी व रक्त तपासायचे, असे ठरले आहे. स्टिरॉइडला पावसाळ्यानंतर हात लावायचा आहे, तोपर्यंत ते ५ वरच राहील. हाडांची घनता मोजली असता ती बरीच घटलेली निघाली, म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू झाले आहे.

चारभिंती काकूंचा प्रश्न मी आईला विचारला. कंटाळा की भीती, यावर तिने बराच वेळ विचार केला आणि सांगितले की दोन्ही नाही. रात्रीचे जेवण झाल्यावर डबा उघडला की आपण आजारी आहोत हे आठवते, एवढेच. रात्रीची गोळी आता बंद झाली आहे, म्हणून तो खण रिकामा राहील या आनंदात ती होती. कॅल्शियम सकाळच्या गोळीपासून चार तास लांब ठेवायला सांगितल्यामुळे ते रात्रीच्या खणात गेले. काल फोनवर ती म्हणाली, "एवढं मिरजेला नेलंस, पैसे खर्च केलेस, आणि गोळ्या होत्या तेवढ्याच राहिल्या की गं."